तीन हजार दिवसांची रजा

शुक्रवारी सकाळी सव्वाआठला गिरिजाबाईंचा फोन वाजला. त्यांचे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात होते, म्हणून त्यांच्या सुनेनं, दानेश्वरीनं, फोन स्पीकरवर टाकला आणि पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. आशिष तिथंच पायरीवर बसून चहा पीत होता. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या इमारतीत खाली गिरिजाबाईंचं कडक भाकरीचं केंद्र आणि वर आशिषचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. ऑफिसात चहाचं यंत्र होतं, पण त्या चहाला यंत्राचीच चव यायची. त्यामुळे मालकासकट सगळं ऑफिस सकाळी खालीच सापडायचं.

"गिरिजा, मी गुरुबसप्पा. दुधनीवरनं."

"शरणु अप्पा. बोला की."

"उद्यापास्नं मला रजा दिलीस म्हणं तू?"

परातीतला हात थांबला. "कसली रजा, अप्पा?"

"हितं फोनवर आलंय की. ए प्रभु, वाच रे परत."

पलीकडून अप्पांच्या पुतण्यानं, प्रभुनं, शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचून दाखवलं. "श्री. गुरुबसप्पा, आपली शनिवारपासून तीन हजार दिवसांची रजा मंजूर करण्यात आली आहे. भरपूर विश्रांती घ्या. तब्येतीला जपा."

"मी मोजलं," अप्पा म्हणाले. "आठ वर्सं अडीच म्हैने व्हत्यात. मी शहात्तरचा हाय. म्हंजे चौऱ्याऐंशीव्या वर्सी कामावर हजर व्हायचं का?"

दानेश्वरीनं तोंडाला पदर लावला. आशिषला मात्र हसू आलं नाही. तीन हजार हा आकडा त्याच्या ओळखीचा होता आणि तो रजेचा नव्हता.

"ते ऱ्हाऊ दे," अप्पा पुढं म्हणाले. "हा निरोप मंगळवारचा हाय म्हणं. मला कुटं वाचता येतंय ते बारीक? प्रभु आज आला म्हणून कळलं. भाकरी तयार हाय न्हवं? उद्या बाराला टेम्पो घेऊन येतोय."

गिरिजाबाईंनी भिंतीवर टांगलेल्या टॅबकडे पाहिलं. आज काय काय करायचं, हे तो टॅब सांगायचा. पुण्याच्या शंभर, हैदराबादच्या साठ, विजापूर रोडच्या कुणा वहिनींच्या चाळीस. दुधनीचं नाव कुठंच नव्हतं. मग त्यांनी आशिषकडे पाहिलं. आशिषनं कपात पाहिलं.

"तयार मिळंल, अप्पा," गिरिजाबाई म्हणाल्या. दानेश्वरीनं फोन बंद केला, तेव्हा त्या तीन हजारांतली एकही भाकरी तव्यावर पडलेली नव्हती.

दुधनी हे गिरिजाबाईंचं माहेर. तिथल्या मठाच्या जत्रेत मोठा दासोह असतो, हजारोंच्या पंगती उठतात, आणि त्या पंगतीची भाकरी आजवर गावातच व्हायची. यंदा पहिल्यांदा ती बाहेरून मागवायचं ठरलं आणि अप्पांनी पंचांपुढं छातीठोकपणे नाव घेतलं ते गिरिजाचं. "आपल्याच गावची पोर हाय, शब्दाला पक्की हाय." बावीस वर्षांत पुण्यामुंबईला, परदेशात कुठं कुठं भाकरी गेली होती, पण माहेरच्या पंगतीत आपल्या हातची भाकरी वाढली जाणार, याचा आनंद त्या बाईला असा झाला होता की सोमवारी ऑर्डर नोंदवल्यावर तिनं सगळ्यांना गूळ वाटला होता. गूळ आशिषनंही खाल्ला होता.

आता या आशिषबद्दल सांगायला हवं. पुण्यात एका मोठ्या कंपनीत बारा वर्षं त्यानं सॉफ्टवेअरचं आर्किटेक्चर, म्हणजे इमारत उठण्याआधीचा आराखडा, काढण्याचं काम केलं. सोलापुरात बसून जगाला सॉफ्टवेअर पुरवायचं असा ध्यास घेऊन तो घरी परतला. जगाचं अजून तिकडं लक्ष गेलं नव्हतं. गिरिजाबाईंचं गेलं होतं, कारण त्या खालीच राहत होत्या.

पहिले सहा आठवडे आशिषनं फक्त आराखडा काढला. बेचाळीस चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण, चार मोठे कागद चिकटवून केलेला. तो त्यानं केंद्राच्या भिंतीवर लावला. गिरिजाबाईंनी हात पुसून तो पुष्कळ वेळ पाहिला.

"लई देखणं हाय," त्या म्हणाल्या. "यात भाकरी कुटं हाय?"

आशिषनं डाव्या कोपऱ्यातली एक चौकट दाखवली.

"आन पुण्याची ऑर्डर आली तर लिहायची कुटं?"

"ते अजून नाही, अक्का. आधी पाया भक्कम करायचा."

"कवा व्हईल पाया?"

"तीनेक महिने."

"बरं," गिरिजाबाई म्हणाल्या. "तवर मी आपली खडूनं भिंतीवर लिहिते. तुझा कागद जरा तिकडं सरकव, तितं माझं हैदराबाद हाय."

हे आशिषच्या फार जिव्हारी लागलं. सभ्य माणूस चिडला की दुसऱ्या टोकाला जातो, तसा तो गेला. चौकटी गुंडाळून माळ्यावर टाकल्या आणि जाहीर केलं, की इथून पुढं दर दोन आठवड्यांनी एक नवी सोय, चालती, वापरता येणारी. दोन आठवड्यांच्या त्या धावेला स्प्रिंट म्हणायचं आणि दर दुसऱ्या सोमवारी चुलीपाशी सगळ्या बायकांसमोर डेमो दाखवायचा. आणि खरंच, गडी कामाला लागला की वाघ होता. पहिल्या डेमोला ऑर्डर घेता आली, दुसऱ्याला कुरिअरचा पत्ता छापून आला, तिसऱ्याला शेंगाचटणी आली. बायका पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवायच्या आणि टॅबवर धुरळा उडायचा. गिरिजाबाईंनी भिंतीवरचा खडू स्वतःच्या हातानं पुसला.

चौथ्या स्प्रिंटला रजा आली. ते काम अथर्वकडे होतं. अथर्व म्हणजे वरच्या ऑफिसातला, ज्याची बोटं डोक्याच्या दोन पावलं पुढं धावत, असा मुलगा.

"दादा, रजेसाठी वेगळी वही करायची तर चार दिवस जातील," तो म्हणाला. "त्यापेक्षा ऑर्डरच्याच वहीत टाकू का? नाव आहे, तारीख आहे, आकडा आहे. भाकरींच्या जागी दिवस लिहायचे."

"आणि ऑर्डर कुठली, रजा कुठली, हे कसं कळणार?"

"रजेला पत्ता नसतो ना! ज्या नोंदीला पत्ता नाही, ती रजा."

आशिषला ही युक्ती इतकी आवडली की त्यानं अथर्वच्या पाठीत थाप मारली. ऑफिसातली श्रावणी, जी प्रत्येक गोष्टीत एक 'पण' शोधायची, तिनं 'पण' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात डेमोची वेळ झाली.

महिनाभर छान चाललं. मग केंद्रातल्या चंद्रव्वानं बहिणीच्या घरी केमला जायला तीन दिवसांची रजा टाकली आणि शिस्तीची बाई म्हणून अर्जात केमचा पत्ताही भरला. पत्ता असल्यामुळे ती ऑर्डर झाली. तिसऱ्या दिवशी केमला चंद्रव्वाच्या हातात कुरिअरवाल्यानं तीन भाकरी ठेवल्या. परत आल्यावर ती म्हणाली, "अक्का, माझी एवढी काळजी आजवर नवऱ्यानं बी केली न्हाय." सगळे पोट धरून हसले.

"दादा, रजा वेगळी काढू या," श्रावणी म्हणाली. "चार दिवसांचंच काम आहे."

"काढू की. पुढच्या स्प्रिंटला. सध्या रजेच्या अर्जातून पत्त्याची जागाच उडवून टाक."

पुढच्या स्प्रिंटला दुसरंच काही निघालं, त्याच्या पुढच्याला तिसरं. आणि या सोमवारी खुद्द श्रावणीनं एक गुणी सोय पूर्ण केली. ग्राहक स्वतः टेम्पो घेऊन येणार असेल, तर पत्ता भरायची गरज नाही. तिची पहिली ऑर्डर दुधनीची. दोन्ही सोयी आपापल्या जागी हुशार होत्या. त्यांची एकमेकींशी ओळख मात्र कुणी करून दिली नव्हती.

मंगळवारी सकाळी दानेश्वरीनं रोजच्यासारखा टॅब उघडला. रजेवर लाल ठिपका दिसला की 'मंजूर' दाबायचं, हे तिला शिकवलं होतं. तिनं दाबलं. ठिपका गेला, कामाच्या यादीत यायची दुधनीची ऑर्डर रजेत जमा झाली आणि गुरुबसप्पांना आठ वर्षं अडीच महिने विश्रांती मिळाली.

वर जाऊन हे सगळं उलगडायला तिघांना दहा मिनिटं लागली. अथर्व पांढरा पडला. श्रावणीनं दुधनीची नोंद उघडून पडदा आशिषकडे वळवला, आणि ते आशिषला जास्त लागलं. तो जिना उतरून खाली आला. प्रत्येक पायरीवर त्याला काहीतरी तांत्रिक कारण सुचत होतं. शेवटच्या पायरीवर ती सगळी सोडून देण्याइतका तो भला माणूस होता.

"अक्का, चूक माझी आहे."

"पोरांची न्हाय?"

"नाही. त्यांनी विचारलं होतं. मीच हो म्हणालो."

गिरिजाबाईंनी हातावरचं पीठ झटकलं. "बुधवारी मी तुला जिन्यात इचारलं व्हतं. दुधनीचं अजून दिसंना म्हणून."

"हो."

"तू काय म्हणालास?"

आशिषला ते शब्द अक्षरशः आठवत होते आणि ते उच्चारताना त्याचे कान तापले. "म्हणालो, सिस्टिम स्वतः ठरवते. वेळ झाली की दिसेल."

"झाली की येळ."

ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. या बाईनं भिंतीवर लिहिलेलं असतं तर ती बुधवारीच चुलीला लागली असती. ती थांबली, कारण त्यानं थांबायला सांगितलं होतं. बरं, आता दुधनीच्या पंचांना काय सांगायचं, की पोर शब्दाला पक्की होती पण सॉफ्टवेअर कच्चं निघालं?

"अक्का, मी एक वेळापत्रक बनवतो," त्यानं कागद ओढला. "आता किती तास, किती तवे, दर तासाला..."

"साकु," गिरिजाबाई म्हणाल्या. हे 'पुरे' त्या कानडीतून म्हणाल्या की केंद्रात चूलसुद्धा गप्प बसायची. "आमी बारा जणी. आजचं पुणं-हैदराबाद सोमवारवर टाकते, मी बोलते त्यांच्याशी. तरी दिवसाला शंभराच्या वर एक बाई जात न्हाय. बाराशे हितं व्हतील. अठराशे भाईर. पीठ हाय. पीठ टॅबला इचारून दळायची सवय मला अजून लागली न्हाय, देवाची दया. चंद्रव्वा, ताटल्या काढ!"

चंद्रव्वानं फडताळातून स्टीलच्या ताटल्यांची चळत काढली. तीसेक असतील, सगळ्या एका मापाच्या. गिरिजाबाई पदर खोचून गल्लीत उतरल्या. त्यांच्या मागं चंद्रव्वा ताटल्या घेऊन आणि आशिष डोक्यावर पिठाचं पोतं घेऊन. पुण्यात बारा वर्षांत त्यानं एवढं वजनदार काम केलं नव्हतं.

दारोदार त्या तेच सांगत होत्या. "माझ्या माहेरचा दासोह हाय गं. साठ-सत्तर भाकरी थापून दे. तीन गोष्टी ध्यानात ठेव. ताटलीच्या भाईर जायची न्हाय. मोडली की कट्ट वाजली पायजे. पीठ हेच वापरायचं. बाकी तुझं तू बघ."

एका घरात भाकरी गॅसवर भाजली जात होती, दुसऱ्यात परसातल्या चुलीवर. एका आजींचे गुडघे गेलेले, त्या कॉटवर बसून स्टुलावर थापत होत्या आणि तव्याकडे नातसून बघत होती. एक जण उजव्या हातानं थापायची, एक डावखुरी. पलीकडच्या घरात तर नवरा थापत होता आणि बायको दार लावून घ्या म्हणत होती. भाजलेली भाकरी विस्तवाच्या कडेला उभी करून मंद आचेवर कडक करायची, त्यातही प्रत्येकीची तऱ्हा न्यारी. पण दुपारी पहिली खोकी केंद्रात आली आणि आशिषनं झाकणं उघडून पाहिली, तर कुठली भाकरी कुठल्या घरची हे ओळखता येईना. ताटलीवर ठेवावी, बरोब्बर बसे. मोडावी, कट्ट वाजे. तो दहा-बारा भाकरी मोडून बसला, तेव्हा चंद्रव्वानं त्याच्या हातावर चापट मारली.

दोनच्या सुमारास नवं संकट आलं, आणि तेही वरूनच. अथर्वला अपराध्यासारखं वाटत होतं आणि अपराधी वाटलं की त्याची बोटं आणखी जोरात धावत. 'पत्ता नाही ती रजा' हा नियम त्यानं कुणाला न विचारता खोडला आणि 'पत्ता नाही ती टेम्पोची ऑर्डर' असा नवा घातला. दुधनीची ऑर्डर यादीत परत आली. तिच्याबरोबर आजवरच्या सगळ्या रजाही ऑर्डर होऊन आल्या.

"अत्ती!" दानेश्वरी टॅबसमोरून सासूला ओरडली. "महानंदाला एकशे ऐंशी भाकरी करायच्यात म्हणं!"

महानंदा सहा महिन्यांच्या बाळंतपणाच्या रजेवर होती. तिच्या फोनवर निरोप गेला होता, की आपल्या एकशे ऐंशी भाकरी तयार आहेत, कृपया घेऊन जाव्यात. तसाच निरोप ताप आलेल्या, भावाच्या लग्नाला गेलेल्या, कामच सोडून गेलेल्या सगळ्या बायकांना गेला होता. आशिष डोकं धरून जिन्याकडे धावला. पण तो अथर्वपर्यंत पोचायच्या आत महानंदा पिशवी घेऊन दारात हजर झाली, पाठोपाठ तिची आई बाळाला घेऊन, आणि अर्ध्या तासात आणखी पाच जणी, प्रत्येकीच्या हातात रिकामी पिशवी.

"अक्का, भाकरी तयार हायत म्हणून निरोप आला," महानंदा लाजत म्हणाली.

"हायत की," गिरिजाबाई म्हणाल्या. "थापायच्या तेवढ्या बाकी हायत. बाळाला माझ्याकडं दे. तुझ्या आईला बी ताटली घेऊ दे."

सातच्या सात जणी बसल्या. गिरिजाबाईंनी बाळ खांद्यावर टाकून वर तोंड केलं आणि जिन्यात उभ्या असलेल्या अथर्वला हाक मारली. "लई झ्याक केलंस रे! ह्यांना बोलवायला मी कुणाला धाडणार व्हते?"

आयुष्यात पहिल्यांदाच अथर्वला शाबासकी घ्यायची लाज वाटली.

दिवे लागणीला गिरिजाबाई पायरीवर टेकल्या. आशिष त्यांच्या शेजारी बसला. अंगभर पीठ, खांद्यावर पोत्याचा वण. दिवसभर त्याच्या मनात जे घोळत होतं ते त्यानं विचारलं.

"अक्का, ती ताटली, तो आवाज, ते पीठ. हे तीन नियम तुम्ही कधी ठरवलेत?"

"ठरवलं कुटं?" त्या म्हणाल्या. "पयल्या वर्सी मी एकलीच. एकलीला ताटली कशाला लागती? दुसरी बाई आली, तिची भाकरी खोक्यात बसंना. तवा ताटली आणली. मग पावसाळ्यात एक खोकं मऊ पडून परत आलं, तवा आवाजाचं ठरलं. एकीनं घरचं जुनं पीठ वापरलं, भाकरी कडू झाली. तवा पिठाचं."

"आणि नंतर?"

"नंतर काय लागलं न्हाय. लागलं तर घालू की." त्यांनी गुडघा दाबला. "पन एक हाय. लागलं म्हटल्यावर त्याच दिशी घातलं. पुढच्या म्हैन्यावर न्हाय टाकलं. एक दीस जरी टाकलं असतं न्हवं, तर अर्ध्या भाकऱ्या एका मापाच्या, अर्ध्या दुसऱ्या मापाच्या. मग कोण निस्तरणार?"

आशिषनं मनाशी हिशेब मांडला. बेचाळीस चौकटी काढून एक ऑर्डर न घेणारा तो, आणि ऑर्डरींवर ऑर्डरी घेऊन एक चौकट न आखणारा, तोही तोच. मधला रस्ता शोधायला लोक परिषदांना जातात, जाड पुस्तकं वाचतात. त्यानंही वाचली होती. आणि इथं सातवीपर्यंत शिकलेल्या एका बाईनं तो बावीस वर्षं फडताळात रचून ठेवला होता. या बाईबद्दल त्याला इतका आदर वाटला, की उठून नमस्कार करावा असं मनात आलं. केलाही असता, पण त्या म्हणाल्या, "बसू नकोस, कोपऱ्यावरची खोकी आणायचीत. चल लवकर, बेग बेग!"

शनिवारी अकराला तीन हजारावी भाकरी खोक्यात गेली. बाराला टेम्पो आला आणि पुढच्या सीटवरून स्वतः गुरुबसप्पा उतरले. पांढरं धोतर, कपाळावर विभूती, हातात काठी. त्यांनी मधलंच एक खोकं उघडायला लावलं, भाकरी काढली आणि कानाजवळ नेऊन मोडली. कट्ट वाजलं. अप्पांनी डोळे मिटून मान हलवली आणि गिरिजाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अप्पा," आशिष पुढं झाला, "त्या रजेच्या निरोपाबद्दल माफ करा. आमच्या सिस्टिमचा घोटाळा होता. मी आजच रद्द करतो."

"रद्द?" अप्पांनी काठी आपटली. "कुणी सांगितलं रद्द करायला?"

"म्हणजे... ती चुकून..."

"हे बघ बाळा. चाळीस वर्सं झाली, जत्रेचा दासोह मी बघतोय. पाणी मी, लाकडं मी, पत्रावळी मी. दर वर्सी पंचांना म्हणतो, आता दुसरा माणूस बघा. कोण ऐकत न्हाय. म्हणत्यात, अप्पा, तुमच्याबिगर कसं व्हईल? काल प्रभुनं तो निरोप समद्यांना वाचून दाखवला. सोलापूरच्या कॉम्प्युटरनं मंजूर केलीय म्हटल्यावर एक जण हू का चू करंना. फुडच्या वर्सीपास्नं समदं प्रभुकडं. आन तू रद्द करतोस?"

"नाही करत," आशिष घाईघाईनं म्हणाला.

"कागदावर छापून दे. शिक्का बी मार."

श्रावणीनं वर जाऊन छापून आणलं. कंपनीचा शिक्का उद्घाटनानंतर पहिल्यांदाच वापरला गेला. अप्पांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि टेम्पो भाकऱ्यांसकट दुधनीला निघून गेला.

सोमवारी डेमोची पाळी नव्हती. तरी दुपारी बायका जेवायला गेल्यावर आशिष एक साधा कागद घेऊन खाली आला. त्यावर तीनच चौकटी होत्या. गिरिजाबाई एकट्याच तवा घासत बसल्या होत्या.

"अक्का, काम बंद ठेवून पाया घालणार नाही, आणि पाया सोडून नुसतं वर चढवतही जाणार नाही," त्यानं सांगितलं. "दर दोन आठवड्यांनी एक नवी सोय, आणि एक जुनी दुरुस्ती. दुरुस्तीची वेळ नव्या कामाला द्यायची नाही. या खेपेला ऑर्डर आणि रजा वेगळ्या करतो. ही दुरुस्ती. नवं काय हवं, ते तुम्ही सांगा."

त्यांनी तवा बाजूला ठेवला. दानेश्वरी आत आहे ना, हे मान वळवून पाहिलं, आणि आवाज उतरवला.

"रजेच्या यादीत समद्यांची नावं हायत. माझं न्हाय."

आशिषनं टॅब उघडून पाहिलं. खरंच नव्हतं. अर्ज करणाऱ्यांत बाकी सगळ्या जणींची नावं होती आणि गिरिजाबाई फक्त मालक म्हणून मंजूर करणाऱ्यांत. दानेश्वरी दाबायची तेही त्यांच्याच नावानं. बावीस वर्षांत ही बाई रजा मागेल, असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्याही नाही.

"भाकरी गेली माहेरच्या जत्रेला," त्या म्हणाल्या. "मी न्हाय गेले. जत्रा पाच दिवसांची असती. परवा शेवटचा दीस हाय. एक दिवसाची टाकता यील का?"

नव्या सोयीला दोन आठवडे लागतात, हे वाक्य आशिषच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"संध्याकाळपर्यंत करून देतो, अक्का. फक्त एक अडचण आहे. सिस्टिममध्ये आपली रजा आपणच मंजूर करता येत नाही. दानेश्वरीवहिनींकडं देऊ का?"

"नगं. सुनंकडं रजा मागू व्हय मी?" गिरिजाबाईंनी ते आधीच ठरवून ठेवलेलं दिसत होतं. "दुधनीच्या अप्पांचं नाव घाल. त्यांना आता आठ वर्सं दुसरं काम न्हाय."